दगडाच्या अलीकडे

निशिवाकीला नावं ठेवायला कारण लागत नसे. सकाळी ऑफिसात आला की आधी खिडकी उघडून हवेला नावं ठेवी, मग चहाला, मग जो कोणी पहिल्यांदा समोर सापडेल त्याच्या कामाला. क्योटोतल्या त्या लहानशा गेम कंपनीत सगळे त्याचं मुकाट ऐकून घेत, कारण कंपनीची चूल ज्या खेळावर पेटत होती तो खेळ त्याने रचला होता. कोमुसा नावाची एक उडती खार. ती डावीकडून उजवीकडे पळते, खड्ड्यांवरून उड्या मारते, अक्रोड गोळा करते आणि शेवटी घंटा वाजवते. संपलं. पण त्या डावीकडून उजवीकडे जाण्यात निशिवाकीने उमेदीची सगळी वर्षं घातली होती.

कामाची पद्धतही त्याच्यासारखीच हेकट. कॉम्प्युटरला तो अगदी शेवटी हात लावी. आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने लेव्हल काढायची, कागदाला कागद चिकटवत जायचं, आणि पट्टी पुरेशी लांब झाली की बाहेरच्या बोळात जमिनीवर अंथरायची. मग चपला काढून, नुसत्या मोज्यांवर, पट्टीच्या कडेकडेने चालायचं. खड्डा आला की तोंडाने "हुप्प". शत्रू आला की "टक". हिशेब विभागातली माणसं फायली पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभी राहत, कारण पट्टी ओलांडायची कोणाची छाती नव्हती. चालताना आपला पाय जिथे अडखळला तिथे लेव्हल चुकली, असं त्याचं साधं गणित होतं.

"माणूस पडता कामा नये," तो नवशिक्यांना ऐकवायचा, "पण आता पडतो की काय, असं त्याला वाटलं पाहिजे. पहिला खड्डा असा काढा की गाढवसुद्धा पडणार नाही. आणि पडलंच, तर चूक गाढवाची नाही, तुमची."

त्याचा आणखी एक नियम होता आणि तो कंपनीत सगळ्यांनी पाठ केला होता. कोणी खेळायला बसलं की रचणाऱ्याने मागे उभं राहायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि तोंड उघडायचं नाही. इकडे जा, तिकडे बघ, काही नाही. "खेळ विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन मागे उभे राहणार आहात का? नाही ना? मग आत्ताही गप्प बसा."

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग ते शहाण्णव साल उजाडलं. त्या साली सगळ्यांना एकच खूळ लागलं. खेळात आता चारी दिशांना हिंडता आलं पाहिजे, म्हणे. डावं-उजवं जुनं झालं. टेकडी दिसली की चढता आली पाहिजे, झाड दिसलं की मागे जाऊन बघता आलं पाहिजे. मासिकं तेच छापत होती, दुकानदार तेच बोलत होते, आणि कंपनीचे मालक तोकुमारू, ज्यांना आयुष्यात एकही लेव्हल पुरी करता आली नव्हती, तेसुद्धा जेवताना हवेत हात फिरवून "सगळीकडे, सगळीकडे" असं म्हणायला लागले.

हिबिनोने ती चारी दिशांची लेव्हल बनवली होती. एक मोठी बाग, मधे तळं, टेकडीवर चहाची झोपडी आणि झोपडीत घंटा. हिबिनो एकोणतीस वर्षांची, किरकोळ अंगाची, हट्टी मुलगी. कंपनीत आली तेव्हा निशिवाकीच्याच हाताखाली होती. पहिलं अख्खं वर्ष त्याने तिला एकच धडा काढायला लावला होता: सपाट जमीन, मग एक पायरी, मग वाळूवरचा लहान खड्डा, मग तेवढाच खड्डा पण खाली पाणी, मग पाण्यापलीकडे बसलेला बेडूक. ती काढायची, तो फाडायचा. "गाढव पडलं," एवढंच म्हणायचा. एके दिवशी त्याने तो कागद फाडला नाही, त्यावर आपला लाल शिक्का मारला आणि काही न बोलता जेवायला निघून गेला. त्यानंतर शिकवण्यासारखं काही उरलं नाही, असं त्याचं मत होतं. आणि ही बया आता बाग करून बसली होती. त्या बागेच्या आराखड्यावर त्याने शिक्का मारला नव्हता. मालकांनी परस्पर मारला होता.

"बाग कसली, माळरान आहे ते," निशिवाकी सोबाच्या शेवया ओरपत म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत दोघं कोपऱ्यावरच्या खानावळीत समोरासमोर बसले होते, कारण दुसरीकडे जागा नव्हती. "माणसाला मोकळं सोडलं की तो काय करतो ठाऊक आहे? जवळची भिंत गाठतो आणि तिला डोकं लावून पळत राहतो. मी बघितलंय."

"मग भिंतीपाशी काहीतरी ठेवायचं," हिबिनो म्हणाली.

"म्हणजे प्रत्येक भिंतीपाशी ठेवत बसायचं? आणि जो भिंतीपाशी गेलाच नाही त्याचं काय?"

"त्याच्यासाठी ते नव्हतं."

"वा! म्हणजे अर्धं काम कोणी बघणारच नाही, म्हणून करायचं. छान आहे. पगार घेताना मात्र पूर्ण घे हं."

हिबिनोने वाटी खाली ठेवली. "निशिवाकीसान, तुमच्या लेव्हलमध्ये माणूस काय करतो? तुमच्या मनातलं ओळखतो. पुढे काय येणार, कुठे उडी मारायची, सगळं तुमच्या मनातलं. माझ्या बागेत तो स्वतःच्या मनातलं करेल."

"लोकांच्या मनात काय असतं, सांगू? संध्याकाळी जेवायला काय आहे, एवढंच. त्यांच्या मनाच्या भरवशावर खेळ रचायला निघालीस! अगं, माणूस दिवसभर साहेबाच्या मागे, बायकोच्या मागे, रांगेत, रडतखडत कसाबसा घरी येतो. त्याला आणखी ठरवायला लावू नकोस. त्याचा हात धर आणि घंटेपर्यंत ने."

"तुम्ही माझी बाग खेळलात?"

"बघितली की."

"खेळलात का, विचारलं."

"घंटा वाजवून आलो. सरळ वाटेने. आणखी काय असतं खेळणं?" असं म्हणून त्याने वाटीतलं उरलेलं पाणी प्यायलं आणि तेही खारट आहे म्हणाला.

हे सगळं बोलण्यावर निभावलं असतं, पण मालकांनी त्यात पाचर मारली. नोव्हेंबरात खेळण्यांचे घाऊक व्यापारी दरवर्षीसारखे येणार होते. या वेळी त्यांच्यापुढे दोन लेव्हल मांडायच्या, एक निशिवाकीची, एक हिबिनोची. व्यापाऱ्यांना जी भावेल तिच्यावर पुढचा खेळ होणार, तो खेळ रचणारा प्रमुख होणार, आणि दुसऱ्याने त्याच्या हाताखाली बसायचं. म्हणजे निशिवाकी हरला तर त्याने आपला कागद घेऊन हिबिनोच्या टेबलापुढे उभं राहायचं आणि तिने शिक्का मारायची वाट बघायची.  बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नाही. फक्त तिच्या मिसोच्या रश्शाला जरा जास्तच नावं ठेवली.

आणि मग संधी चालून आली, तीही मालकांच्या हातून. व्यापारी यायला थोडे दिवस उरले असताना मालक बाग बघून म्हणाले, "अरे निशिवाकी, बाग जरा ओकीबोकी वाटते. तुझा मामा माळी होता ना? तूच जरा सजव. दगडी दिवे, शेवाळ, असलं काहीतरी. हिबिनोला त्यातलं काय कळतंय?"

निशिवाकीचा मामा खरोखरच चहापानाच्या विधीसाठीच्या बागा राखणारा माळी होता, आणि लहानपणी निशिवाकी त्याच्यामागे पानं गोळा करत हिंडला होता. त्या बागांत वाट फुटते तिथे यजमान एक दगड ठेवतो. मुठीएवढा, गोल, काळ्या दोराने चारी बाजूंनी बांधलेला. सेकिमोरी म्हणतात त्याला. इकडून जाऊ नका, एवढंच तो सांगतो. ना कुंपण, ना कुलूप, ना पाटी. लहान मूलही ओलांडेल, पण जन्मात कोणी ओलांडत नाही. सात वर्षांच्या निशिवाकीने एकदा ओलांडला होता. मामाने कान असा पिरगाळला की तो आठवून अजूनही त्याचा हात कानाकडे जाई.

त्याने दिवे ठेवले, शेवाळ पसरलं, दोन मेपलची झाडं लावली. सगळं प्रामाणिकपणे, सुरेख. आणि मग, बागेच्या दारातून आत गेल्यावर चार वाटा फुटत होत्या, त्यातल्या तीन वाटांच्या तोंडाशी त्याने दोराचे दगड ठेवले. नुसती चित्रं. त्यांना ना वजन, ना अडथळा, खार त्यांच्यातून आरपार चालत गेली असती. पण कोण नेणार होतं तिला? व्यापारी म्हणजे जुन्या घरांतली, नमस्कार किती वाकून करायचा हे शिकलेली माणसं. ती दगड बघतील, वळतील, आणि उरलेल्या सरळ वाटेने चहाच्या झोपडीत जाऊन घंटा वाजवतील. चारी दिशांची बाग! त्याने स्वतःशीच तोंड वाकडं केलं. घ्या चारी दिशा.

त्या तीन वाटा कुठे जातात हे बघायची त्याला गरज वाटली नाही. जिथे कुठेही जाता येतं तिथे कुठेच काही नसतं, हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी हिबिनो त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. निशिवाकीने मान वर केली नाही. आता ही भांडणार, मालकांकडे जाणार, जाऊ दे, सजावट मालकांनीच सांगितली होती, असं सगळं उत्तर त्याने जिभेवर तयार ठेवलं. पण ती भांडली नाही. "दगड छान दिसतायत," एवढंच म्हणाली, जरा वाकली आणि गेली. निशिवाकी तिच्या पाठीकडे बघत राहिला. कळलंच नाही बावळट पोरीला, त्याला वाटलं, आणि वाटून बरंही वाटलं.

व्यापारी आले त्या दुपारी मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या, चहा फिरला, मेपलच्या पानाच्या आकाराची मिठाई फिरली. ओसाकाचे मियाके आले, पोट सावरत. नागोयाचे इझावा आले, आल्याआल्याच पुढच्या गाडीची वेळ विचारत. फुशिमीच्या कुझुहाराबाई आल्या, सत्तरीच्या, काळपट किमोनोत, नवऱ्यामागे दुकान एकटीने चालवणाऱ्या. आणखीही चारपाच जण होते. या माणसांनी आयुष्यभर खेळणी विकली, पण खेळायची वेळ आली की कंट्रोलर असा धरत की जणू तो ओला मासा आहे आणि आता निसटणार.

आधी निशिवाकीची लेव्हल लावली. कोमुसा पळाली, उड्या मारल्या, अक्रोड मिळाले, घंटा वाजली. मियाकेंनी एकदाही न पडता पुरी केली आणि लहान मुलासारखे खूश झाले. "नेहमीसारखं मस्त!" ते म्हणाले. इझावा म्हणाले, "हो, अगदी नेहमीसारखं." निशिवाकी मागे हात बांधून उभा होता. त्याने हलकेच मान झुकवली. नेहमीसारखं हा शब्द जरा टोचला, पण तेवढं चालायचंच.

मग बाग लावली. आता हिबिनो मागे उभी राहिली, हात पाठीमागे, ओठ घट्ट.

मियाकेंनी खार दारातून आत आणली. बाग बघून सगळ्यांच्या तोंडून "ओहो" निघालं. मियाके डावीकडे वळले आणि दगड दिसताच थबकले. "अरेच्चा, इकडे बंद आहे," ते पुटपुटले, आणि स्क्रीनकडे बघून किंचित मान वाकवून खार माघारी घेतली. उजवीकडे गेले. पुन्हा दगड. पुन्हा मान. मग सरळ वाटेने टेकडीवर जाऊन घंटा वाजवली आणि मागे वळून बघितलं. "झालं? एवढंच?"

कोणी बोललं नाही. नियमच होता.

इझावांनीही तेच केलं, फक्त जास्त घाईत. त्यांच्यानंतरच्यानेही तेच. दगड आला की वळायचं, सरळ वाट, घंटा. कोणी म्हणालं बाग देखणी आहे. कोणी म्हणालं डोळ्यांना गरगरतं बुवा, डावं-उजवंच बरं. मालकांचा चेहरा उतरत चालला होता. निशिवाकी बाहेरून गंभीर होता, आतून मात्र त्याला उकळ्या फुटत होत्या. बघा, बघा, माणसाच्या मनातलं! तीन वाटा मोकळ्या आणि एकाचाही पाय पडत नाही. ही माणसं मोकळी सोडायची? यांना एक गोटा आणि हातभर दोर पुरतो. त्याने हिबिनोकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते, पण तिने तोंड उघडलं नाही. नियम मात्र मी चांगला शिकवला, त्याला वाटलं.

"द्या इकडे," कुझुहाराबाई म्हणाल्या. त्यांनी बाह्या आवरल्या, कंट्रोलर मांडीवर घेतला, आणि ठेचकाळत, झाडांना धडकत, खार डाव्या दगडापाशी आणून उभी केली. आणि तिथेच थांबल्या. बराच वेळ दगडाकडे बघत राहिल्या.

"हा कोणी ठेवलाय?" त्यांनी विचारलं.

मियाकेंनी इझावांकडे बघितलं.

"अहो, हा दगड आपोआप उगवत नाही. यजमान ठेवतो. इथला यजमान कोण? त्याला म्हणावं, बाई विचारतेय, जाऊ का पलीकडे?"

मालकांनी हिबिनोकडे बघितलं. हिबिनोने निशिवाकीकडे बघितलं. निशिवाकीने छताकडे बघितलं. मागे उभं राहणाऱ्याने बोलायचं नाही, हा नियम त्या क्षणी त्याला देवासारखा वाटला.

"कोणीच नाही?" बाईंनी वळून सगळ्यांवर नजर फिरवली. "मग यजमान घरात नाही. बरंच झालं. जन्मभर या दगडाच्या अलीकडे बसून चहा प्यायलेय मी. पलीकडे काय असतं, मेले कधी दाखवत नाहीत. माझ्या सासूच्या बागेतही नाही दाखवलं, आणि सासू गेल्यावर बघितलं तर काय? झाडू आणि फुटक्या कुंड्या." आणि त्यांनी अंगठा पुढे रेटला.

खार दगडावरून चालत गेली. काही झालं नाही. काही होणारच नव्हतं. पण खोलीतले सगळे "हां!" करून खुर्चीतून पुढे सरकले, बाईंनी भर बाजारात कोणाच्या तरी थोबाडीत दिल्यासारखे.

वाट बांबूंच्या मागून वळली आणि तळ्याच्या मागच्या अंगाला निघाली. तिथे एक सरळ रांग होती. सपाट जमीन. मग एक पायरी. मग वाळूवरचा लहान खड्डा. मग तेवढाच खड्डा, पण खाली पाणी.

निशिवाकीच्या ओठांवर "हुप्प" आलं आणि तिथेच अडकलं.

पाण्यापलीकडे बेडूक बसला होता. अगदी तिथेच, जिथे त्याने तो बसवायला शिकवलं होतं, ना एक चौकट इकडे, ना तिकडे. त्याच्या धड्याचा कागद, जो त्याने वर्षभर फाडला आणि एकदाच फाडला नाही, तो असा तळ्याच्या मागे, बांबूंच्या आड, एकही माणूस न येता नुसता पडून राहिला असता. आणि त्याच्या तोंडाशी दगड ठेवणारा कोण, तर तो स्वतः.

कुझुहाराबाई पाण्यात पडल्या. खो खो हसल्या. पुन्हा आल्या, पुन्हा पडल्या, तिसऱ्यांदा पार झाल्या आणि बेडकाच्या डोक्यावर आपटून एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाहेरची टायपिस्ट दारात येऊन बघून गेली. बेडकामागे सोन्याचा अक्रोड होता. तो घेताना बाईंनी कपाळावरचा घाम बाहीने पुसला, किमोनोचीही पर्वा केली नाही.

मग काय विचारता! मियाके उठले, इझावा उठले, "द्या इकडे, माझी पाळी" असं सुरू झालं. मियाकेंनी उजवा दगड ओलांडताना त्या चित्रातल्या दगडाला "माफ करा हं" म्हटलं. इझावांनी तिसरा ओलांडला आणि पुढे काय आहे ते मोठ्याने सांगायला लागले, तर बाकीच्यांनी त्यांना दटावून गप्प केलं. गाडीची वेळ त्यांना पुन्हा आठवली नाही. जी बाग घटकाभरापूर्वी डोळ्यांना गरगरत होती तिच्यात आता मोठी माणसं कोण आधी जातो म्हणून भांडत होती. आधी त्यांना जायचं नव्हतं, आणि आता जायचं होतं ते फक्त तिथे दगड होता म्हणून.

"अहो तोकुमारूसान," कुझुहाराबाई म्हणाल्या, "हीच घेणार आम्ही. आणि तो दगड काढू नका बरं का. दगड नसता तर मी गेले नसते."

मालक एकदम खुलले. "दगडाची कल्पना कोणाची?" त्यांनी विचारलं. "मी आपलं दिवे लाव म्हटलं होतं. दगड कोणाच्या डोक्यातून आला?"

निशिवाकीला वाटलं, आता ही सांगणार. कशासाठी ठेवले ते सांगणार, सगळ्यांपुढे.

"निशिवाकीसानच्या," हिबिनो म्हणाली. स्पष्ट, मोठ्याने, वाकून.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निशिवाकी वाकला. पाहिजे होता त्यापेक्षा खूप खाली वाकला आणि तसाच राहिला, कारण चेहरा वर आणायची सोय नव्हती. वरून मालकांचा आवाज येत होता. ठरलं तर, प्रमुख हिबिनो, आणि निशिवाकी तिच्या सगळ्या लेव्हलमध्ये असेच दगड ठेवणार, याच्यासारखा दगड ठेवणारा दुसरा कोण आहे, वगैरे वगैरे. एवढ्या कौतुकाने माणसाला खड्ड्यात घालताना त्याने याआधी कोणाला पाहिलं नव्हतं.

पाहुण्यांना घेऊन मालक जेवायला गेले. निशिवाकीने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मोठ्या खोलीत खुर्च्या अस्ताव्यस्त होत्या, स्क्रीनवर बागेच्या दारात खार आपली शेपटी साफ करत उभी होती. हिबिनो कप गोळा करायला आली.

"तू सांगायला पाहिजे होतंस," निशिवाकी म्हणाला. आवाज त्याला हवा होता तेवढा तिरकस निघाला नाही. "तो धडा तिथे आहे, हे."

"सांगायचं काय त्यात? तुम्ही बघून आलातच की." तिने कप तबकात ठेवला. "दुसऱ्या दिवशी दगड दिसले ना, तेव्हाच कळलं मला. तुम्ही मागे जाऊन आलात, धडा ओळखलात, आणि आवडला म्हणून राखून ठेवलात. दाखवून टाकण्यासारखी गोष्ट नाही, ज्याला हवं त्याने शोधावी, असं. बागेवर तुम्ही शिक्का मारला नव्हता ना. मी घरी जाऊन आईला म्हटलं, निशिवाकीसाननी शेवटी शिक्का मारला. दगडाचा मारला."

निशिवाकीने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला नावं ठेवायला काही सापडेना.

हिबिनोचा हात तबकावर थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं. "गेलाच नव्हतात," ती म्हणाली.

 तो तिच्याकडे पाठ करून खुर्चीत बसला आणि कंट्रोलर उचलला, निदान हाताला काहीतरी काम. खार डाव्या वाटेला वळवली. दगडापाशी आली आणि थांबली. चित्र होतं ते, त्यानेच चिकटवलेलं, आरपार जाता येणारं. पण त्याचा अंगठा हलेना. दुसरा हात नकळत कानाकडे गेला. बाई म्हणाल्या ते बरोबर होतं, यजमान घरात नव्हता. पण यजमान तोच होता, मग विचारायचं कोणाला? मागे हिबिनो उभी आहे हे त्याला कळत होतं. तिने एक शब्द बोलावा, जा म्हणावं, नाहीतर शिवी द्यावी, काहीही. 

शेवटी त्याने डोळे बारीक करून अंगठा रेटला. बांबू गेले. तळं आलं. सपाट जमीन, पायरी, वाळूवरचा खड्डा झाला. मग पाण्यावरचा, गाढवसुद्धा पडणार नाही तो. कागदावर तो नेहमी बाजूने बघितलेला, इथे खारीच्या मागून बघायला लागत होता, आणि मागून तो किती रुंद आहे हे काही केल्या कळेना. त्याने उडी मारली आणि खार पाण्यात पडली.

तो पुन्हा दारात आला. पुन्हा दगड, पुन्हा बांबू, पुन्हा पाणी. पुन्हा पडला. कान तापले. त्याने पुन्हा खार वळवली. मागे कप वाजले नाहीत, पावलं वाजली नाहीत. हिबिनो तिथेच होती, हात पाठीमागे बांधून, आणि बोलत नव्हती. नियम त्याचाच होता.